काडीपैलवानाचं लिव्हर

“हा रिपोर्ट तुमचाच ना?” डॉक्टरबाईंनी आनंदाला विचारलं, कागदावरचं नाव पुन्हा वाचलं आणि मग माझ्याकडं पाहिलं.

माझ्याकडं पाहणारच. पुण्याच्या त्या मोठ्या हॉस्पिटलात आम्ही दोघं शेजारी शेजारी बसलो होतो. मी त्र्याऐंशी किलो, खुर्चीचे हात मला दोन्हीकडून टोचत होते. माझा दीर आनंदा छप्पन्न किलो, गावात त्याला काडीपैलवानच म्हणतात. त्याच्या खुर्चीत अजून एक आनंदा आरामात बसला असता.

“माझाच हाय,” आनंदा म्हणाला. “का? काय झालं?”

“तुमच्या लिव्हरमध्ये चरबी आहे. चोवीस टक्के.”

“बाई, रिपोर्ट बदलले असतील,” मी म्हटलं. “माझा आणि ह्याचा एकाच दिवशी काढलाय.”

“तुमचा पण माझ्यासमोरच आहे. तुमचं लिव्हर अगदी स्वच्छ आहे.”

जन्मात पहिल्यांदा कुणीतरी माझ्या शरीराला बरं म्हटलं, आणि त्याचा काडीचाही उपयोग नव्हता. माझा रक्तगट बी. माझ्या यजमानांचा, रंगरावांचा, ओ. त्यांचं लिव्हर संपत आलं होतं. डोळे हळदीसारखे पिवळे, पोटात पाणी, पाय मात्र बांबूसारखे. कुणीतरी आपल्या लिव्हरचा तुकडा दिला तर माणूस वाचेल, नाहीतर तीन महिने, फार तर चार, असं सांगून झालं होतं. आम्हाला मूल नाही. सासूबाई सत्तरीच्या. घरात ओ गटाचा, धडधाकट, चाळिशीचा माणूस एकच, आणि तो स्वतः होऊन पुढं आला होता.

“मी दारूचा थेंब घेत न्हाई ओ,” आनंदा कासावीस होऊन म्हणाला. “दादानं बी कधी घेतली न्हाई. समद्या गावाला वाटतंय चोरून घेत हुता.”

“दारूचा प्रश्नच नाही. काम काय करता तुम्ही?”

“रसवंती हाय. विट्याला एस्टी स्टँडच्या भायेर. दादाची अन् माझी.”

“रस दिवसाला किती पिता?”

आनंदा हसला. रसवंतीवाल्याला हा प्रश्न कुणी विचारत नाही. “मोजला न्हाई कधी. धा-बारा गिलास हुईत असंल. दुपारचं घरी जेवायला जायाला कुठं मिळतंय? रस अन् वर दोन खारी, झालं जेवाण.”

“आणि भाऊ?”

“त्येबी तसंच. माझ्याहून जरा जास्तच. चोवीस वर्सं झाली की.”

डॉक्टरबाईंनी पेन खाली ठेवलं. मग त्यांनी शाळेतल्या बाईंसारखं सावकाश समजावून सांगितलं. काही माणसांची चरबी कातडीखाली साठतच नाही, ती आत लिव्हरमध्ये जाऊन बसते. वरून माणूस सडपातळ, त्यामुळं त्याला कुणी तपासत नाही, आणि कळतं तेव्हा उशीर झालेला असतो. भावाचं बहुतेक असंच झालं असणार. आनंदाचं मात्र अजून परत फिरण्यासारखं आहे. दहा टक्क्यांच्या आत आलं तरच तुकडा घेता येईल. मुदत आठ आठवडे. रस बंद, साखर बंद, गूळ बंद, बेकरीचं बंद. रोज तासभर झपझप चालायचं. आणि तीन-चार किलो वजन उतरवायचं.

“ह्याचं?” मी म्हटलं. “कुठनं उतरवायचं, बाई?”

त्या हसल्या नाहीत. मग मीही ओशाळले.

लग्न होऊन ह्या घरात आले तेव्हा आनंदा नववीत होता, त्यामुळं त्याला अहो-जाहो मला कधी जमलंच नाही. परतीच्या एस्टीत मी त्याला बजावलं, “आजपासून तू माझ्या हातचं जेवायचं. तुझ्या बायकोच्या नाही, आईच्या नाही, माझ्या.”

“व्हय वहिनी,” तो म्हणाला. तो सगळ्यांनाच व्हय म्हणतो, हीच तर त्याची खोड आहे.

दुसऱ्या दिवसापासून मी रसवंतीत बसायला लागले. यंत्रात ऊस घालायचा, आलं-लिंबू घालायचं, ग्लास विसळायचे, आणि आनंदाला त्या बाजूला फिरकू द्यायचं नाही. दुकानावर पाटी होती, ‘थंडगार ताजा रस. काविळीवर रामबाण.’ ती पाटी बघितली की माझं डोकं फिरायचं. ह्यांचे डोळे पहिल्यांदा पिवळे झाले तेव्हा दोघा भावांनी काय केलं होतं? रस दुप्पट केला. घरचंच औषध, दुसरीकडं कशाला जायचं? दोन महिने तेच चाललं होतं. मी खडू घेऊन ती ओळ खोडली, तर गिऱ्हाईकं विचारायला लागली की वहिनी, रसात काय फरक पडलाय का.

आणि गाव! गावाला एकच दिसत होतं, की बारीक माणसाला अजून बारीक करायचं चाललंय. आनंदा सकाळी खानापूर रस्त्याला चालायला जायचा तर वाटेत कुणी ना कुणी त्याला अडवून हॉटेलात घालायचं. पैलवान, काय हाल केलेत तुझं, घे की च्या. तो नको म्हणायचा, मग ते म्हणायचे बिनसाखरेचा घे, आणि आणायचे साखरेचा. मी दोन हॉटेलवाल्यांशी भांडले. तिसऱ्याच्या बायकोशी भांडले. मंगल, आनंदाची बायको, गरीब स्वभावाची. ती मला एवढंच म्हणाली, “ताई, तुमी म्हणाल तसं. पण त्यांची विजार आता कमरंला राहत न्हाई.”

सगळ्यात कहर केला सासूबाईंनी. त्यांना मी आत्या म्हणते. दहाव्या दिवशी ज्वारीच्या कोठीत हात घातला तर आत डबा. डब्यात डिंकाचे लाडू, तूप नुसतं गळत होतं.

“आत्या, हे काय?”

“काय म्हंजे? लाडू.”

“कुणासाठी?”

“माज्या लेकासाटी. एवढासा जीव त्येचा, त्यातला तुकडा कापून द्यायचाय, अन् तू त्येला उपाशी मारतीस? बाळंतिणीला बी आदी खायाला घालत्यात. तू कधी पोर काढलंस तर कळणार तुला.”

हे त्यांनी म्हणायला नको होतं. त्यांनाही ते लगेच कळलं. मी डबा उचलला आणि जाऊन सगळे लाडू शेजारच्या शाळेतल्या पोरांना वाटून आले. दोन दिवस आम्ही एकमेकींशी बोललो नाही. तिसऱ्या दिवशी आत्या स्वतःच म्हणाल्या, “जोतिबाची शपथ, आता मी त्येला काय बी देणार न्हाई. पर तू सांग, एक लेक जगवायला दुसऱ्याला वाळवायचा, ही कसली डाक्टरकी?”

 मी भाकऱ्या थापत राहिले.

चार आठवड्यांनी पुण्याला तपासणी झाली. सतरा! चोवीसचे सतरा. आनंदा लहान पोरासारखा खूश. घरी आल्या आल्या मी ह्यांना सांगायला गेले. हे खाटेवर भिंतीला टेकून बसलेले असायचे, आडवं झालं की पोटातल्या पाण्यानं दम लागायचा.

“सतरा झालं,” मी म्हटलं.

“दहाला किती ऱ्हायलं?”

“सात.”

ह्यांनी मान भिंतीकडं वळवली. दमले असतील, म्हणून मी पडदा ओढून बाहेर आले.

दोन आठवड्यांनी पुन्हा तपासणी झाली. एकोणीस.

मी डॉक्टरबाईंना म्हटलं, मशीन बिघडलंय. त्या म्हणाल्या, “मशीन ठीक आहे. घरात कुणीतरी ह्यांना काहीतरी देतंय.” आनंदा मान खाली घालून बसला होता. मी त्याला बाहेर आणला आणि भर दवाखान्यात, लोक बघत असताना, झाड झाड झाडला.

“काय खाल्लंस?”

“काय न्हाई वहिनी. गळ्याशपथ. तुमी देतासा तेवढंच खातोय. एक घास बी वरचा न्हाई.”

त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. आनंदाला खोटं बोलता येत नाही, त्याचे कान लाल होतात. कान लाल झाले नव्हते. मी घरी येऊन आत्यांना विचारलं, मंगलला विचारलं, तिच्या दोन्ही पोरींना खाऊचं आमिष दाखवून विचारलं. कुणीच काही दिलं नव्हतं. त्या संध्याकाळी मी ताट तसंच सरकवून उठले. ह्यांनी मात्र बऱ्याच दिवसांनी मागून भात घेतला. निदान ह्यांना तरी जेवण जातंय, एवढंच समाधान मी मानलं.

त्यानंतरच्या मंगळवारी दुपारी साडेबाराला स्टँडवरची लाईट गेली. यंत्र बंद पडलं. तासभर वाट बघितली आणि दुकानाला फळ्या लावून मी घरी आले. पोरी शाळेत, मंगल शिवणाच्या क्लासला, आत्या पडवीत झोपलेल्या. मधल्या खोलीत दोघं भाऊ समोरासमोर बसले होते. आनंदाच्या हातात पितळी तांब्या होता. तो तोंडाला लावून घटाघटा पीत होता, आणि हे त्याच्याकडं बघत होते.

वास आला मला. चोवीस वर्षं ज्या वासात संसार केला तो ओळखायला वेळ लागत नाही.

“आनंदा!”

तांब्या त्याच्या हातातून निसटता निसटता राहिला. “वहिनी, औषध हाय ते,” तो चाचरत म्हणाला. “दादा म्हणाला लिव्हर लवकर धुऊन निघतंय. डाक्टरला काय कळतंय, आपल्या बापजाद्यांपासनं देतोय आपण लोकास्नी. तुमाला सांगू नको म्हणाला, तुमी चिडतासा म्हणून. म्हणून तर खाल्लं न्हाई म्हणालो. खाल्लं न्हाईच की मी.”

“कुठनं आणलास?”

“आपल्या दुकानासमोरच्या रसवंतीतनं. त्योच आणून देतोय, मागच्या दारानं.”

म्हणजे मी आमच्या दुकानात पहारा देत बसले होते आणि समोरचा माणूस मागच्या दारानं माझ्या घरी रस पोचवत होता. मला हसू आलं असतं, दुसरी वेळ असती तर. रोज दुपारी दोन तांबे. दोन आठवड्यांच्या वर.

“तू भायेर जा, आनंदा,” हे म्हणाले.

तो गेला. मी दार लोटलं आणि तोंड सोडलं. एवढी अक्कल गहाण टाकलीत का, स्वतःचं वाटोळं कशानं झालं ते बाईंनी समजावून सांगितलं होतं ना, बापजाद्यांचं औषध म्हणे, अजून त्याच पाटीला धरून बसलाय, वगैरे वगैरे. ह्यांनी सगळं ऐकून घेतलं.

“मला ठाऊक हाय रसानं काय हुतंय ते,” मग हे म्हणाले. “समदं ठाऊक हाय.”

“मग?”

“मग काय. म्हणूनच.”

मला काही कळेना. 

“त्येला दोन पोरी हायेत,” हे म्हणाले. बोलता बोलता दम लागत होता, मधे थांबत होते. “ह्या कडंपासनं त्या कडंपर्यंत पोट फाडत्यात. त्या वॉर्डात बघितलंय मी. दोनशेतला एकादा देणारा बी जातोय, मला तितल्या नर्सनं सांगितलंय. त्यो एक आनंदा असला तर? मी नको म्हणालो. तीनदा म्हणालो. त्यो ऐकंना, आई ऐकंना, तू तर कुणाचंच ऐकंनास. मग मी काय करायचं? परीक्षेत नापास झाला की आपसूक सुटला. त्येला वाईट बी वाटायचं न्हाई, त्येनं तर प्रयत्न केलाच की.”

इतकी वर्षं ह्या माणसाबरोबर राहून त्याच्या डोक्यात असलं काही शिजत असेल असं मला वाटलं नव्हतं. रडू आलं असतं तर बरं झालं असतं. पण मला आला तो संताप.

“सुटला?” मी म्हटलं. “कुठं सुटला? तुम्ही त्याच्या वयाचे होता तेव्हा कसे होता सांगा. किती किलो होता?”

“अगं, पर...”

“सत्तावन्न! आठ वर्षांमागच्या दसऱ्याच्या फोटोत बघा, तुम्ही कुठले आणि आनंदा कुठला ओळखू येत नाही. तुम्ही तरी कधी दारू प्यालात? तुम्ही तरी कधी जाड होता? त्याच्या पोटावरची चीर वाचवायला तुम्ही त्याला तुमचंच दुखणं तांब्या तांब्यानं पाजताय. सात-आठ वर्षांनी तोही असाच भिंतीला टेकून बसेल. मग त्याला कोण देणार? त्याला कुठला धाकटा भाऊ आहे?”

ह्यांचा चेहरा मी तेव्हा पाहिला तसा पुन्हा कधी पाहिला नाही. पिवळे डोळे मोठे करून माझ्याकडं बघत राहिले.

“त्यो तर बारीक हाय,” हे म्हणाले. “त्येला काय हुतंय, असं वाटलं मला.”

स्वतः काडी झालेला माणूस, स्वतः त्याच दुखण्यानं मरत असलेला माणूस, आणि तरी त्याला असं वाटलं. मी कपाळावर हात मारून घेतला आणि खाली बसले.

ह्यांनी आनंदाला हाक मारली. तो दाराशीच होता.

“उद्यापासनं रस न्हाई,” हे म्हणाले.

“दादा, तूच म्हणालास औषध हाय.”

“खोटं बोललो मी.”

आनंदानं का म्हणून विचारलं नाही. बहुतेक त्यानं सगळं ऐकलं होतं. त्यानं तांब्या उचलला, मोरीत ओतला आणि राखेनं घासायला बसला. बराच वेळ घासत होता.

त्या दिवसापासून हे माझ्यापेक्षा कडक झाले. आनंदाचं ताट ह्यांच्यासमोर वाढायचं, हे एक एक पदार्थ बघायचे. चार शितं भात जास्त दिसला तर काढायला लावायचे. सकाळी तो चालून आला की घाम आलाय का ते त्याच्या पाठीला हात लावून बघायचे. आठवा आठवडा संपला तेव्हा तेरा झाले होते. बाईंनी अजून दोन आठवडे दिले. आम्ही सगळे त्या दोन आठवड्यांत एका खोलीत श्वास धरून राहिल्यासारखे राहिलो.

दहाव्या आठवड्याच्या रविवारी ह्यांना थंडी वाजून ताप आला. पोटातल्या पाण्यात जंतू झाले होते. पुण्याला पोचेपर्यंत शुद्ध गेली. ह्या अवस्थेत ऑपरेशन करता येणार नाही, आधी हे आटोक्यात येऊ दे, असं बाई म्हणाल्या. सोमवारी सकाळी त्याच हॉस्पिटलात आनंदाची तपासणी झाली. नऊ.

तो कागद घेऊन आयसीयूत पळत गेला. नर्स नको नको म्हणत असताना ह्यांच्या कानाशी वाकला आणि ओरडला, “दादा, नऊ! पास झालो रे, नऊ!” ह्यांनी डोळे उघडले नाहीत. गुरुवारी पहाटे हे गेले.

ह्याला बारा वर्षं झाली. तपासणीत सतरा आले तिथपासून तो उतार तसाच चालू राहिला असता तर आठव्या आठवड्यातच दहा झाले असते, हा हिशेब मी किती वेळा केला असेल. दोन आठवडे आमच्या हातात होते. ते ह्यांनी तांब्यानं ओतून टाकले. माणूस चांगला होता म्हणून गेला, असं लोक म्हणतात. मी म्हणते, मूर्ख होता म्हणून गेला. दोन्ही खरं आहे, आणि दोन्हीचा राग मला अजून येतो.

तेराव्याला रिवाजाप्रमाणं गोडाचं जेवण झालं. सुतक फिटतं, पाहुणे घरच्यांचं तोंड गोड करतात. पुरुषांची पंगत पडवीत बसली. अग्नी आनंदानं दिला होता, त्याचं मुंडण केलेलं डोकं त्या वाळलेल्या मानेवर आणखीच केविलवाणं दिसत होतं. आलेली प्रत्येक बाई त्याच्याकडं बघून पदर डोळ्याला लावत होती आणि त्याच्या पानात काहीतरी वाढत होती. एक पुरणपोळी, दुसरी पुरणपोळी, वर तुपाची धार. आनंदा कुणाला नको म्हणत नव्हता आणि खातही नव्हता.

आत्या तुपाचं भांडं घेऊन त्याच्यासमोर आल्या.  त्यांनी तिसरी पोळी त्याच्या पानात ठेवली आणि त्याच्या डोक्यावर हात ठेवला.

“खा रं बाळा,” त्या म्हणाल्या. “आता तरी पोटभर खा. आता कुणाला द्यायचंय तुला?”

 आनंदानं पोळीचा तुकडा मोडला. तो आईलाही व्हयच म्हणणार होता.

मी आतल्या दारातून पोळ्या देत होते, ती परातीसकट तिथं गेले. पाहुण्यांसमोर, भावकीसमोर, तेराव्या दिवशी, विधवेनं असं पंगतीत जायचं नसतं ते मला माहीत होतं. वाकले, त्याच्या हातातला तुकडा काढून घेतला, पानातल्या तिन्ही पोळ्या उचलल्या आणि परातीत टाकल्या.

“आत्या,” मी म्हटलं, “आता ते त्याचं त्याला लागणार आहे.”